नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाचे पुढे काय होते?

खाडीकाठचा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी कोकण किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी सोसायटीचा चिटणीस आहे. सोसायटीचे आणि बंदराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कोणाविरुद्ध नाही. मला फक्त सभागृहाच्या कामाची रीत समजून घ्यायची आहे.

रात्री समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि मोठ्या जाळ्याने ती एकाच फेरीत उचलायची, या प्रकारामुळे आमच्याकडच्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) आणि लहान होड्यांच्या वाट्याला फारसे काही उरत नाही, हे किनाऱ्यावर कोणालाही नव्याने सांगायला नको. गेल्या हंगामात आम्ही त्याविषयी निवेदन तयार केले आणि एका संसद सदस्यांकडे पोहोचवले. त्यांनी ते मनावर घेतले, लोकसभेत नियम ३७७ खाली (सदस्याने आधी लेखी दिलेला विषय सभागृहात मांडण्याची तरतूद) मांडले, आणि आदल्या दिवशी तसा निरोपही पाठवला. त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

त्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयात वीस-पंचवीस माणसे जमली होती. मोबाइल बर्फाच्या पेटीला टेकवून ठेवला आणि अकरा वाजल्यापासून संसद टीव्ही पाहत बसलो. पहिला तास प्रश्नोत्तरांत गेला. बाराच्या सुमारास मंत्र्यांनी एकामागून एक उठून कसली तरी कागदपत्रे पटलावर ठेवली. मग निरनिराळ्या राज्यांचे सदस्य आपापल्या भागातल्या अडचणी घाईघाईने सांगत राहिले. आमचा विषय आला तेव्हा दुपार झाली होती. सदस्यांनी हातातला कागद वाचून दाखवला. दोन मिनिटेही लागली नसतील. मागची बाके बहुतेक रिकामी होती, कोणी मंत्री उत्तराला उठले नाहीत, आणि अध्यक्षस्थानावरून पुढचे नाव पुकारले गेले. आमच्यातले एक वयस्कर तांडेल (होडीचे प्रमुख) उठता उठता म्हणाले, "ह्येच्यासाठी लिलाव सोडून बसलंव काय आमी?" मला त्यांना उत्तर देता आले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. मंत्र्यांनी उत्तर का दिले नाही? सभागृह रिकामे असताना मांडलेल्या विषयाला काही अर्थ असतो का? आणि पुढच्या अधिवेशनात आम्ही सदस्यांकडे नेमके काय मागावे?

निवृत्त टिपणीकार

मी दिल्लीत एका मंत्रालयाच्या संसद विभागात बरीच वर्षे काम केले आणि आता गुहागरजवळ घरी असतो. तुमच्या तांडेलांचा राग मला समजतो, परंतु त्यांनी पाहिलेली दोन मिनिटे ही त्या विषयाची सुरुवात होती. पुढचा प्रवास टीव्हीवर दिसत नाही, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो.

लोकसभेच्या दिवसाचे तास वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक तासाचा कायदा वेगळा असतो. अकरा ते बारा हा प्रश्नोत्तरांचा तास. त्या दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी, थेट पटलावर ठेवले जाते. तासाभरात सर्वसाधारणपणे चार-पाचच तारांकित प्रश्न होतात. २०१९ च्या नोव्हेंबरात एका दिवशी यादीतले वीसही प्रश्न पुकारले गेले, तेव्हा देशभर त्याची बातमी झाली. जे तारांकित प्रश्न पुकारले जात नाहीत त्यांची उत्तरेही लेखी स्वरूपात नोंदीत येतातच. राज्यसभेत मात्र २०१४ पासून प्रश्नोत्तरांचा तास बारा वाजता असतो, म्हणून दोन्ही सभागृहे आलटून पालटून पाहणाऱ्यांचा गोंधळ होतो.

बारानंतर कागदपत्रे पटलावर ठेवली जातात. अहवाल, अधिसूचना, महामंडळांचे हिशेब असे सारे त्यात असते. त्यानंतरचा घाईचा भाग म्हणजे शून्य प्रहर. नियमांच्या पुस्तकात हा शब्द सापडत नाही. प्रथेने तो रूढ झाला आहे. तेथे विषय मांडता येतो, परंतु मंत्र्यांवर उत्तराचे बंधन नसते.

आता तुमचा ३७७. या नियमाखाली सदस्य २५० शब्दांपर्यंतचा मजकूर आधी देतात, अध्यक्षांची परवानगी मिळते आणि सभागृहात तोच मजकूर वाचायचा असतो. त्यात एक वाक्यही वाढवता येत नाही, म्हणून तुमचे सदस्य कागदावरून वाचत होते. एका दिवसात असे सुमारे २० विषय घेतले जातात. गोंधळाच्या दिवशी तर मजकूर वाचलाही जात नाही, तो पटलावर ठेवला असे मानले जाते. मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावे अशी पद्धतच नाही. मात्र त्या मजकुराचा उतारा संबंधित मंत्रालयात येतो, त्यावर फाइल उघडते, आणि मंत्र्यांच्या सहीचे पत्र साधारण महिनाभरात त्या सदस्यांच्या नावे जावे असा संकेत आहे. माझ्या टेबलावरून अशी पत्रे जात असत. ती सभागृहात वाचली जात नाहीत, त्यामुळे ज्यांनी विषय पाठवला त्यांना बहुधा त्यांचा पत्ताही लागत नाही. तेव्हा सर्वांत आधी सदस्यांच्या कार्यालयाकडे त्या पत्राची प्रत मागा. ते आले नसेल तर स्मरणपत्र पाठवण्याची विनंती करा.

तारांकित प्रश्नाची गोष्ट अगदी निराळी आहे. असा प्रश्न मंत्रालयावर आला की विभागातले दिवे उशिरापर्यंत जळतात. मूळ उत्तर पानभराचे असते, पण त्यामागे पुरवणी प्रश्नांसाठीची टिपणी तयार करावी लागते. कोणता सदस्य कुठून निवडून आला आहे, त्याच्या भागातले आकडे काय, मागील अधिवेशनात याच विषयावर काय सांगितले गेले होते, हे सारे त्या जाड फाइलीत खुणेच्या चिठ्ठ्या लावून ठेवायचे असते. सकाळी आम्ही अधिकाऱ्यांच्या सज्जात बसत असू. मंत्री एखाद्या आकड्यावर अडखळले की तिथून चिठ्ठी खाली जायची. एकदा घाईत मी आकडा लिहिला आणि वर्ष लिहायचे विसरलो. मंत्र्यांनी वर पाहिले ती नजर मला अजून आठवते. मला म्हणायचे एवढेच आहे की मंत्रालय एखाद्या विषयाचा खरा अभ्यास करते तो प्रश्न आल्यावर.

म्हणून पुढच्या वेळी प्रश्न मागा. तारांकित मिळणे सोडतीवर अवलंबून असते, अतारांकित मिळण्याची शक्यता अधिक, आणि तुमच्या कामाला तो अधिक सोयीचा, कारण त्यात आकडे लेखी येतात. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावण्यात अर्थ नाही.

वेंगुर्ल्याची मास्तरीण

टिपणीकारकाकांनी बहुतेक सांगितलेच आहे. रिकाम्या बाकांविषयी मी थोडी भर घालते, कारण माझे विद्यार्थीही दरवर्षी हेच विचारतात.

संविधानाच्या १०० व्या अनुच्छेदानुसार गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवण्यापुरत्या किमान हजेरीसाठी, सभागृहाच्या एक दशांश सदस्यांची उपस्थिती लागते. लोकसभेच्या ५४३ जागांच्या हिशेबाने ५५. कोणी सदस्याने लक्ष वेधले नाही तर त्याहून कमी उपस्थितीतही कामकाज चालू राहते, आणि दुपारी ते बरेचदा तसेच चालते. त्या वेळी सगळे सदस्य कामातच असतात असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. तथापि विभागांशी निगडित २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात, आणि त्यांच्या बैठका अधिवेशन चालू असतानाही होतात. मत्स्यव्यवसाय हा कृषी, पशुसंवर्धन आणि अन्नप्रक्रियाविषयक समितीच्या कक्षेत येतो. तिथे सचिवांना बोलावून तासभर खोदून विचारता येते, आणि कॅमेरा नसल्यामुळे सदस्य पक्षाचा झेंडा जरा बाजूला ठेवून बोलतात. या समितीत कोकणातला किंवा निदान किनारपट्टीवरचा कोण सदस्य आहे हे पाहून त्यालाही तुमचे निवेदन द्या. तो तुमच्या मतदारसंघाचा नसला तरी चालते. केरळचा किंवा गुजरातचा सदस्यही हा विषय जाणतो.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे असतात. मंत्री नसलेला कोणताही सदस्य तेव्हा विधेयक किंवा ठराव मांडू शकतो. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही, म्हणून त्या अडीच तासांना नावे ठेवण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. आमच्या वेंगुर्ल्याचे नाथ पै राजापूरमधून निवडून गेले होते. गोलकनाथ खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९६७ मध्ये लागला. मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा यासाठी त्यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशासकीय विधेयक आणले. ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै वारले, आणि त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून तीच गोष्ट केली. ती दुरुस्ती योग्य होती की नव्हती यावर वाद होऊ शकतो, आणि मी वर्गात तो घालतेही. पण मुद्दा शुक्रवारच्या दुपारीच प्रथम मांडला गेला, याबद्दल वाद नाही.

रेल्वेचेही तसेच. रोह्यापर्यंत गाडी १९८६ मध्ये आली, कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले आणि पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. मधू दंडवते १९७१ पासून १९९१ पर्यंत राजापूरचे खासदार होते आणि मधली दोन वर्षे स्वतः रेल्वेमंत्री होते, तरीही एवढा काळ लागला. दोन मिनिटांचे वाचन पाहून निराश झालेल्या मंडळींना ही तारखांची माळ जरूर दाखवा.

दर्याफिरस्ता

मी प्रेक्षक सज्जातून एकदा तासभर कामकाज पाहिले आहे, तेवढ्यापुरते लिहितो. सदस्यांच्या शिफारशीने प्रवेशपत्र मिळते आणि त्यावर वेळ छापलेली असते. मोबाइल, पिशवी, कागद, सगळे बाहेर ठेवावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये दोन माणसांनी सज्जातून सभागृहात उडी मारली, त्यानंतर झडती फार कडक झाली आहे. मी कठड्याकडे जरा झुकलो तर लगेच एका कर्मचाऱ्याने खांद्याला बोट लावून मागे बसवले.

टीव्हीवर कळत नाही अशी एक गोष्ट तिथे कळली. एका विधेयकावर आवाजी मतदानाऐवजी मतविभागणी, म्हणजे मते मोजून घेणे, मागितली गेली आणि घंटा सुरू झाल्या. त्या साडेतीन मिनिटे वाजतात. तोवर ओसाड दिसणारे सभागृह लिलावाच्या वेळी जेटी भरावी तसे चहूबाजूंनी भरले, मग दारे बंद झाली. म्हणजे माणसे आवारातच होती. ती नेमकी काय करत होती हे मास्तरीणबाई सांगतात ते असेल, किंवा उपाहारगृह असेल. दोन्ही थोडे थोडे असावे.

खाडीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. सदस्यांच्या कार्यालयात काल दूरध्वनी केला. मंत्र्यांचे पत्र आलेले आहे, प्रत पाठवतो म्हणाले. म्हणजे टिपणीकारकाकांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले.

आता आम्ही प्रश्नाचा मसुदा केला आहे. तो कसा वाटतो ते कृपया सांगावे:

"मत्स्यव्यवसाय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (अ) कोकण किनाऱ्यावर बड्या धनदांडग्यांकडून एलईडी दिवे लावून बेसुमार मासेमारी होऊन पारंपरिक मच्छीमार देशोधडीला लागत आहे हे खरे आहे काय, (आ) असल्यास, शासन डोळेझाक का करीत आहे, (इ) दोषींवर कडक कारवाई केव्हा करणार, (ई) बारा मैलांच्या आतील गस्तीसाठी वेगवान नौका केव्हा देणार?"

निवृत्त टिपणीकार

मसुदा मनापासून लिहिलेला आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो की तो लोकसभा सचिवालयाच्या प्रश्न शाखेत पहिल्याच वाचनात अडेल. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध किंवा विशेषणे नसावीत असा नियम आहे. "धनदांडगे", "देशोधडी" आणि "डोळेझाक" ही तिन्ही जाहीर सभेत शोभणारी आहेत, प्रश्नात नाहीत. शब्दमर्यादा १५० आहे, ती तुम्ही पाळली आहे.

खरी अडचण (ई) मध्ये आहे, आणि हीच चूक मी नोकरीत शेकडो वेळा पाहिली. ज्या गोष्टीची जबाबदारी मुख्यतः केंद्र सरकारची नाही, त्यावर लोकसभेत प्रश्न घेता येत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत. ही सीमा १२ सागरी मैलांवर, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटरवर आहे. तिच्या आतले सारे महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली येते. त्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले आहेत. आतल्या पाण्याबद्दल दिल्लीत विचारलेत तर "हा विषय राज्याच्या अखत्यारीतील आहे" एवढे एक वाक्य येईल, आणि ते खोटेही नसेल. तो प्रश्न तुमच्या आमदारांकरवी विधानसभेत जायला हवा.

बारा मैलांच्या पलीकडे, २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मात्र केंद्राला विचारता येते. त्या क्षेत्रात एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आदेश काढून बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या नव्या नियमांतही ती बंदी आहे. त्या नियमांनुसार यांत्रिक नौकांना बाहेरच्या पाण्यात जाण्यासाठी प्रवेशपास घ्यावा लागतो. प्रश्न इथे रोवा: मागील तीन वर्षांत महाराष्ट्रासमोरील अनन्य आर्थिक क्षेत्रात दिव्यांच्या मासेमारीबद्दल किती नौकांवर कारवाई झाली, वर्षनिहाय तपशील काय, कारवाई कोणत्या यंत्रणेने केली, महाराष्ट्रातील किती नौकांना प्रवेशपास दिले गेले, आणि नियमभंग झाल्यास त्या पासाचे काय होते. यात एकही विशेषण नाही, आणि मंत्रालयाला चारही ठिकाणी आकडा किंवा ठोस विधान द्यावेच लागेल.

उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत आहे" असे आले तर हिरमुसू नका. ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पुरे करायचे असते. त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासनांची वेगळी समिती आहे. मंत्रालयात आम्ही मंत्र्यांच्या नापसंतीला भ्यायचो त्याहून त्या समितीच्या स्मरणपत्रांना जास्त भीत असू.

वेंगुर्ल्याची मास्तरीण

याच्या जोडीला याचिकेचाही विचार करावा. लोकसभेला उद्देशून कोणताही नागरिक सार्वजनिक हिताच्या विषयावर याचिका देऊ शकतो, ती सदस्यांच्या प्रतिस्वाक्षरीने सादर होते आणि याचिका समितीकडे जाते. नाव-पत्ता आणि सही मात्र व्यवस्थित हवी. विषय न्यायालयात चालू असेल तर ती घेतली जात नाही, तेवढे तपासून घ्या. मराठीत लिहिलीत तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, तेही सहीनिशी, जोडावे लागते. सह्यांसाठी एकच बंदर धरू नका, हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सोसायट्यांना विचारा. भाषांतर लागल्यास मी करून देईन.

खाडीकाठचा

मसुदा बदलला. विशेषणे काढताना कार्यकारिणीत बरीच वादावादी झाली, कारण ती लोकांच्या मनातली होती. शेवटी ती सगळी आमदारांना द्यायच्या निवेदनात जशीच्या तशी घातली आणि वाद मिटला. बारा मैलांच्या आतला गस्तीचा मुद्दाही तिकडेच गेला. लोकसभेच्या प्रश्नात आता फक्त बाहेरच्या पाण्याचे चार भाग आहेत. येत्या रविवारी सभेत वाचून तो सदस्यांकडे पाठवू. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होण्याची वाट आता पाहणार नाही.

मंत्र्यांचे पत्र काल संध्याकाळी हाती आले. दीड पानाचे आहे, आणि त्यातला पहिला परिच्छेद राज्याच्या अखत्यारीचाच आहे. तांडेलांना ते दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "आपल्या प्रश्नाचा उत्तर तरी मराठीत येतला काय?"

निवृत्त टिपणीकार

हिंदी आणि इंग्रजीत येईल. सदस्यांना मराठीत बोलता येते, पण लेखी उत्तरे याच दोन भाषांत पटलावर ठेवली जातात. दुसऱ्या दिवसापासून लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नाच्या क्रमांकाने शोधलेत तर सापडेल. आकड्यांचा तक्ता बहुधा शेवटी, परिशिष्टात असतो. लोक पहिले पान वाचून थांबतात, तुम्ही थांबू नका.

खाडीकाठचा

ठीक. वाचून दाखवायचे काम मग माझ्याकडेच आले. लिलाव आटोपल्यावर वाचीन, म्हणजे तांडेलही बसतील.